शेजारच्या सीटचा ब्रेक

पहिल्यांदाच अटक झालेला माणूस ठाण्यात पाऊल टाकल्याबरोबर काय करतो, तर बोलायला लागतो. अजून कुणी नावसुद्धा विचारलेलं नसतं, तरी याचं सुरू. आपण सगळं नीट समजावून सांगितलं की समोरचा म्हणेल, 'अरेच्चा, असं झालं होय? मग जा घरी,' अशी त्याची भाबडी समजूत असते. मी एकवीस वर्षं एका फौजदारी वकिलाकडे कारकून आहे. बोलून बोलून स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेणारी इतकी माणसं पाहिलीत की माझं एक भाषणच तयार झालंय. नाव-पत्ता सांगा, बाकी वकील आल्याशिवाय अवाक्षर नाही. वाचल्याशिवाय सही नाही. घरी कळवा आणि घरच्यांपासून काही लपवू नका. जामीन झाला की एकही तारीख चुकवू नका, आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात माफी मागायलासुद्धा जाऊ नका. हे भाषण मी फुकट देतो, रस्त्यात भेटलेल्या माणसालाही देतो. एकदाच दिलं नाही.

ती गोष्ट मास्तरांची आहे. मास्तर म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे मास्तर. त्यांची पांढरी छोटी गाडी, वर पिवळी पाटी, आणि शेजारच्या सीटखाली बसवून घेतलेला जादा ब्रेक. सव्वीस वर्षं ते त्या शेजारच्या सीटवर बसले. त्यांची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान. पहिला आठवडा शिकणाऱ्याने ब्रेकला पाय लावायचाच नाही. नवशिका माणूस घाबरला की दोन्ही पाय एकदम दाबतो, म्हणून आधी फक्त चाक आणि समोरचा रस्ता. "भिऊ नका, ब्रेक माझ्याकडे आहे," हे त्यांचं वाक्य. गल्लीतली पोरं जिना उतरतानासुद्धा ते म्हणायची. आमची ताई तर भाजीला मीठ जास्त पडलं की म्हणायची, "आता कुठे गेला तुमचा ब्रेक?"

सहा हजार माणसं त्यांनी रस्त्यावर आणली, असं ते सांगायचे. आकडा फुगवलेला असणार, पण त्यांच्या हाताखाली एकाकडूनही गाडीला ओरखडा आला नव्हता, हे मात्र खरं.

त्या दिवशी सकाळी दहाला त्यांच्या गाडीत बालवाडीच्या बाई होत्या. पन्नाशीच्या, एकट्या, आईला दवाखान्यात न्यायला-आणायला गाडी शिकणाऱ्या. तिसरा दिवस. लाँड्रीच्या कोपऱ्यावरून पोस्टमन सायकलवर बाहेर आला. बाईंनी चाक धरून ठेवलं, समोर बघत राहिल्या आणि ब्रेक लागायची वाट पाहत राहिल्या. ब्रेक लागलाच नाही. पोस्टमन वाचला, पण त्याचं मांडीचं हाड मोडलं, आणि रस्ताभर लोकांची पत्रं पडली.

ताईचा फोन आला तसा मी ठाण्यात धावलो. मास्तर भिंतीकडेच्या खुर्चीवर बसले होते, कमरेचा पट्टा काढून घेतलेला, विजार एका हाताने धरलेली. मला पाहून उठायला गेले आणि विजार सावरत पुन्हा बसले. सव्वीस वर्षं लोकांना 'ताठ बसा' सांगणारा माणूस असा बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

मी त्यांच्या कानाशी वाकलो. "काही बोललात का?"

"अजून नाही."

"बरं केलंत. वकीलसाहेब वाटेत आहेत. गाडी कोण चालवत होतं?"

"बाई." मग अगदी हळू, "पण माझ्या हातात मोबाईल होता रे."

"ते मला ऐकू आलेलं नाही," मी म्हणालो. "भाऊजी, तुम्हालाही ते आठवत नाही. गाडी बाई चालवत होत्या, एवढंच. यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं. वकीलसाहेब आल्यावर मास्तरांनी बुटांकडे बघत तेवढंच सांगितलं.

समोरच्या बाकावर बाई बसल्या होत्या. त्यांच्याबरोबर कुणी नव्हतं. बोटांना अजून रंगखडूचा निळा रंग होता. त्या मात्र बोलत होत्या, हवालदाराने न विचारलेलंही सांगत होत्या, आणि तो ते कागदावर उतरवत होता. लिहून झाल्यावर त्याने कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि बाहेर गेला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. माझ्या काखेत फायली, म्हणजे मला कळत असणार, असं त्यांना वाटलं.

"दादा," त्या म्हणाल्या, "यात लिहिलंय, माझ्या हलगर्जीपणामुळे, ब्रेक न लावल्यामुळे. मी ब्रेक लावला नाही हे खरंच आहे. इथे सही करायची असते का?"

माझं भाषण जिभेच्या टोकावर आलं होतं. बाई, करू नका. वकील मागा. तुम्ही ब्रेक का लावला नाही, ते लिहा. एवढं बोलायला किती वेळ लागतो? पण त्यांची सही झाली की माझे भाऊजी सुटतात, हेही मला त्याच क्षणी दिसत होतं.

"ते हवालदार सांगतील तुम्हाला," मी म्हणालो आणि फाईल चाळायला लागलो.

त्यांनी सही केली. वळणदार, फळ्यावर काढतात तशी.

संध्याकाळच्या आत दोघांना जामीन झाला. मी मास्तरांना माझ्या गाडीत शेजारी बसवून घरी आणलं. प्रत्येक वळणावर त्यांचा पाय खालच्या रबरावर दाबला जात होता. तिथे काही नव्हतं. ते मला दिसतंय हे त्यांना कळलं, तेव्हा त्यांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले.

घरी गेल्यावर मात्र त्यांनी माझंच भाषण ऐकलं आणि ताईपासून काही लपवलं नाही. मोबाईलवर कुणीतरी कुत्र्याला आंघोळ घालत होतं. साबण लावलेला कुत्रा टबातून उडी मारून घरभर पळत होता आणि मास्तर हसत होते. हसता हसता आवाज आला.

ताईने ऐकलं. ती रडली नाही की ओरडली नाही. "कुत्रा," एवढंच म्हणाली आणि आत गेली. नंतर मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "त्या बाईंना हे माहितीय?"

"त्यांना दिसलं नसेल. त्या समोर बघत होत्या."

"यांनीच सांगितलं होतं ना त्यांना समोर बघायला," ताई म्हणाली. मी पाणी पिऊन निघालो.

मग अडीच महिने नुसत्या तारखा. गाडी जप्त, शिकवणी बंद. मास्तर घरात बसून राहायचे. दुधाला गेले तर वाटेत एकजण ओरडला, "मास्तर, ब्रेक कुठे होता?" लोक हसले. पूर्वी ते स्वतः सगळ्यांत मोठ्याने हसले असते. त्यांनी मान खाली घातली, आणि त्या दिवसापासून दूध ताई आणायला लागली. पोस्टमनला बघायला जातो म्हणून त्यांनी माझ्यामागे टुमणं लावलं. मी साफ नाही म्हणालो. जामिनाची अट आहे, साक्षीदाराला फितवायला गेलात असं म्हणतील. त्यांनी ऐकलं. मी सांगितलेलं सगळंच ते ऐकत होते, आणि मला त्यांचा राग येत होता. खरं तर राग कुणाचा येत होता ते आता सांगायला नको.

बाईंचं मला कळत होतं. बालवाडीने त्यांना निकाल लागेपर्यंत घरी बसायला सांगितलं होतं. शिक्षा झाली तर नोकरी कायमचीच जाणार होती; गुन्हा नावावर असलेल्या बाईच्या हाती तीन वर्षांची मुलं कोण देणार? हे मी मास्तरांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. आम्ही दोघेही मूग गिळून बसलो होतो.

आरोप वाचून दाखवायची तारीख आली. आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात पोचलो, तर बाई बाकावर बसलेल्या. मास्तरांना पाहून त्या चटकन उठून उभ्या राहिल्या. शिष्य गुरूला पाहून उठतो तशा. तीन दिवसांच्या शिष्या.

"नमस्कार सर," त्या म्हणाल्या. "तुमच्याशी बोलू का, की चालत नाही?"

चालत नाही, असं मी म्हणणार होतो. त्या आधीच बोलल्या. "मला माफ करा हं. एवढी वर्षं तुमच्या गाडीला कधी काही झालं नव्हतं. मी यायला नको होतं. माझ्यामुळे तुमची शिकवणी बंद पडली."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हे इथेच कोसळतात. मग पुकारा झाला आणि आम्ही आत गेलो.

आधी मास्तरांचं नाव. न्यायाधीशांनी आरोप वाचला आणि विचारलं, गुन्हा कबूल आहे का. आमचे वकील 'नाही' म्हणायला उठतच होते.

"कबूल आहे," मास्तर म्हणाले. "आणि बाईंचा काही दोष नाही. ब्रेकला पाय लावू नका, असं मीच त्यांना सांगितलं होतं. ब्रेक माझ्याकडे होता."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच शिकवून आणलंय. न्यायाधीशांनी दहा मिनिटं दिली. वकिलाशी बोला, परिणाम समजून घ्या, मग जे सांगायचं ते लेखी द्या. बाहेर येऊन साहेबांनी सगळं समजावलं. शिक्षा होईल, शिकवण्याचा परवाना कायमचा जाईल, नावावर गुन्हा राहील. मास्तर 'हो, हो' करत होते. शेवटी साहेबांनी वैतागून मला लिहायला बसवलं.

मी लिहिलं. एकवीस वर्षांचा हात आहे, शब्द कसे मऊ करायचे ते बोटांनाच ठाऊक. कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि पेन दिलं.

त्यांनी पेन घेतलं नाही. "वाचल्याशिवाय सही करू नका म्हणाला होतास ना?" म्हणाले आणि खिशातून चष्मा काढून वाचायला लागले, अक्षर अन् अक्षर. एका ओळीवर बोट थांबलं. "हे काय? 'सदर वेळी लक्ष विचलित झाले.' कुणाचं? कशाने?"

"भाऊजी, तेवढं पुरे आहे."

"नाही पुरे. लिही, मी मोबाईलवर व्हिडिओ बघत होतो."

मी लिहिलं.

"कुत्र्याचा."

"भाऊजी, कोर्टात वाचून दाखवतात हे. लोक हसतील."

"हसू दे," ते म्हणाले. "मीही हसतच होतो."

वाचलं तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी हसलंच. मास्तर ताठ उभे होते, पण कान लाल झालेले मला मागून दिसत होते. महिनाभराने निकाल लागला. सहा महिन्यांची शिक्षा, पण पहिलाच गुन्हा आणि कबुली म्हणून चांगल्या वागणुकीच्या हमीवर स्थगित. परवाना गेला. बाईंचं नाव खटल्यातून कमी झालं. आणि आता जामिनाची अट उरली नव्हती, म्हणून कोर्टातून मास्तर घरी न जाता चालत थेट पोस्टमनच्या घराकडे निघाले. मी येऊ का विचारलं, तर नको म्हणाले.

मी फायली गोळा करून पायऱ्या उतरत होतो. मागून हाक आली. "दादा!"

बाई होत्या. सोमवारपासून बालवाडी सुरू, असं सांगत होत्या. डोळे भरून आले होते. "सरांनी खरं सांगितलं म्हणून मी वाचले. पण त्यांना हे सुचलं कसं, मला माहितीय. पहिल्या दिवशी ठाण्यात मी तुम्हाला विचारलं, तेव्हाच मला वाटलं होतं, हे कायद्यातले आहेत, हे चांगला सल्ला देणारे आहेत. तुम्हीच समजावलं असणार त्यांना."

त्यांनी हात जोडले.

आता तरी बोलायचं होतं. या वेळी गप्प बसा असं मला कुणी सांगितलेलं नव्हतं, वाचवायचंही कुणी उरलं नव्हतं. मी फायली एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतल्या, हात मोकळे केले आणि त्यांचा नमस्कार घेतला.