दोरामामांची गाठ

दोरामामांना टेप चालत नसे. आदिलाबादकडच्या तलमडुगुच्या बसस्टँडसमोर पत्र्याखाली त्यांचं शिलाई मशीन होतं. खिळ्याला टेपही लटकवलेला असे, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानापुरता. माप ते पांढऱ्या दोऱ्यानं घेत. दोरा अंगाभोवती फिरवायचा, टोक जिथं भिडेल तिथं गाठ मारायची आणि तो दोरा कापडाच्या घडीत ठेवून द्यायचा. "टेपावरचा आकडा माणूस इसरते," ते म्हणत, "गाठ इसरत नाई."

ते माझ्या बायकोचे, कांताचे, सख्खे मामा. मूळचे भीमपूरचे. मी एमआरओ ऑफिसात, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलात, कारकून, त्यामुळे खाडाखोड काय असते हे मला चांगलं ठाऊक होतं. मामांच्या गाठीत ती नसे. एखादा पुढारी पोट आत ओढून मापाला उभा राहिला, की मामा दोरा धरून तसेच थांबत. "सोडा श्वास. मले घाई नाई." शेवटी पोट बाहेर येई आणि मग गाठ बसे. त्यांचा दुसरा नियम म्हणजे निजलेल्या माणसाचं माप घ्यायचं नाही. तापानं फणफणलेल्या नवरदेवालाही त्यांनी भिंतीला टेकवून उभं केलं होतं. "उभ्याचं माप कपड्याले, निजल्याचं कफनाले," असं ते म्हणत.

दर जयंतीला आमच्या वस्तीत सगळ्या पोरांना नवे कपडे होत. आमच्या लेकीचा, संघीचा, पांढरा फ्रॉक मामाच शिवत आणि तिचे जुने दोरे जपून ठेवत. ती सहा वर्षांची असताना एका सकाळी ते दोन दोरे घेऊन घरी आले. चहाही घेतला नाही.

"जवाई, मागच्या वर्साची गाठ अन् औंदाची गाठ एकाच जागी हाय. पोट्टी वाढून नाई राह्यली."

"दोरा ताणला गेला असेल, मामा," मी म्हणालो. मला रागच आला होता. पोरगी जरा चालली की धापा टाकते, हे मला दिसत होतं, पण दिसत असूनही मी ते बघत नव्हतो.

"दोरा नाई ताणला," ते एवढंच बोलले.

आदिलाबादच्या डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. हृदयाला छिद्र होतं. हैदराबादला जावं लागणार होतं. मामांनी मशीनवर पोतं टाकलं आणि आमच्यासोबत बसमध्ये येऊन बसले.

ऑपरेशन झालं. छिद्र शिवलं, मुलगी ठीक आहे, असं मोठ्या डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं. मामा हसले. "आमच्याच धंद्यातले दिसतात."

दुसऱ्या दिवशी चार वाजता घरच्या एकाच माणसाला पाच मिनिटं आत सोडत होते. मी गेलो. खाटेवर माझी संघी नव्हतीच. पापण्या सुजून बंद झाल्या होत्या, ओठ उलटले होते, तोंडात नळी होती. बोटं इतकी फुगली होती, की मनगटावरची चिकटपट्टी मांसात रुतली होती. अंग तापलं होतं. मी तिच्या कानाचा तीळ शोधला. तो सापडला, तेव्हा पटलं की ही तीच.

तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ऑपरेशनच्या वेळी तिचं रक्त बाहेर मशीनच्या नळ्यांमधून फिरलं होतं. अंगाला त्या नळ्या परक्या वाटतात आणि अंग सगळीकडून एकदम लढायला उठतं. मग रक्तातलं पाणी झिरपून अंगभर साचतं. दोनतीन दिवस सूज वाढेल, मग लघवीवाटे उतरेल. "तग्गुतुंदि, तग्गुतुंदि," शेजारची सिस्टर म्हणाली. कमी होईल, कमी होईल.

मला शब्द कळले, पण धीर काही आला नाही. माझा बाप असाच सुजून दवाखान्यातच वारला होता. त्याला घरी जायचं होतं आणि आम्ही नेलं नव्हतं. आमच्याकडे तोंडावर सूज चढली, की लोक त्या माणसाला घरी आणतात, दारात बसतात. मला दुसरं काही सुचेना. आयुष्यभर अर्जच लिहिले होते, तसा व्हरांड्यात मामांशेजारी बसून तेलुगूत एक लिहिला. मुलीला आमच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत. नळी काढली तर ती रस्त्यातच जाईल, हे मला ठाऊक होतं. तरी अक्षर सुरेख आलं होतं. अर्ज मी खिशात ठेवला.

पुन्हा आत जायची माझी हिंमत नव्हती. कांता तर बाकावरून उठतही नव्हती. तिसऱ्या दिवशी मामा आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात दोरा होता, त्याला एक गाठ होती.

"मामा, निजलेल्याचं माप घेतलं तुमी?" कांता रडायलाच लागली.

"ते निजली नाई, बाई. लढून राह्यली," मामा म्हणाले. संघीच्या घोट्याचं माप होतं ते. सूज वाढली तर उद्याची गाठ टोकापासून लांब जाईल, उतरली तर जवळ येईल.

चौथ्या दिवशी चार वाजता मी अर्ज हातात घेऊनच दाराशी उभा होतो. मामा बाहेर आले आणि त्यांनी दोरा माझ्यापुढे धरला. नवी गाठ कालच्या गाठीच्या आत होती, बोटभर. मी ती दोनदा चाचपून पाहिली. मग अर्ज खिशात परत गेला. पाचव्या दिवशीची गाठ आणखी आत आली. सहाव्या दिवशी मी स्वतः आत गेलो, तर संघी एका डोळ्याच्या फटीतून माझ्याकडे बघत होती. तो दोरा मी घरी आणून कपाटात ठेवला.

संघी आता शाळेत शिकवते. पुढे मामांचंच हृदय थकलं. ते भीमपूरला खाटेवर होते. डोळ्यांत मोतीबिंदू, पाय सुजलेले. मी दर रविवारी जात असे. एकदा ते म्हणाले, "जवाई, घ्या बरं पायाचं माप." मी घेतलं. पुढच्या रविवारी पुन्हा घेतलं, तर गाठ दोन बोटं बाहेर गेली. मला ते दाखववेना. मी गाठ सोडली, आतल्या बाजूला दुसरी मारली आणि दोरा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो चिमटीतून हळूहळू ओढला. एका जागी चिमूट थांबली.

"खोटी हाय," ते म्हणाले. "सोडलेल्या गाठीचा पीळ दोऱ्यात राह्यते."

मी त्यांच्या पायांवर चादर ओढली.

"म्याबी एक मारली होती," ते म्हणाले. "हैदराबादले, चवथ्या दिवशी. पाय आखीन सुजला होता पोरीचा. खरी गाठ खाटेपाशी मारली, भाहेर याच्या आधी सोडली अन् अलीकडे दुसरी मारली. दारातून तुमच्या हातात तो घरी न्याचा कागद दिसला मले."

"आणि पाचव्या दिवशी, मामा?"

"पाचव्या दिवशी दारातच उभा राह्यलो. पाय पाहाची हिंमत नोयती. सिस्टरनं हात धरून नेलं." त्यांनी दोरा माझ्या हातात परत दिला. "ते गाठ खरी होती."

त्यानंतर ते आठ दिवस होते.

त्यांना पोचवून आल्यावर मी कपाटातला दोरा काढला आणि खिडकीशी नेला. पहिल्या गाठीच्या बाहेर, दोन बोटांवर, दोऱ्याला पीळ होता. इतकी वर्षं तो घरात होता आणि मी पाहिला नव्हता. संघी शाळेतून आली, तेव्हा मी तसाच उभा होतो. "काय झालं, बाबा?" तिनं विचारलं. मी तिचं बोट धरून दोऱ्यातल्या त्या पिळावर ठेवलं.