निरोप, जेवण झाल्यावर

सत्त्याऐंशी साली अंबरनाथ पश्चिमेच्या त्या तिमजली बिल्डिंगीत फोन एकच होता, गुप्त्यांकडे. गुरुदत्त गुप्ते केमिकल कंपनीत शिफ्ट ऑफिसर. अवेळी प्लँटवर काही झालं तर साहेबांना बोलावता यावं, म्हणून कंपनीने तो बसवून दिला होता. पण साहेब दिवसभर कंपनीत, फोनजवळ त्यांची बायको कुंदा. बघता बघता अख्ख्या बिल्डिंगीने आपापल्या नातेवाइकांना तो नंबर वाटला, पुढे ‘पी.पी.’ लावून. म्हणजे फोन गुप्त्यांचा, माणूस आमचा, आणि मधली पळापळ कुंदाताईंची.

सुरुवातीला तिला मजा यायची. उल्हासनगरहून कपड्याच्या कारखान्याच्या सिंधी शेठचा फोन यायचा, तळमजल्यावरच्या हिरामण टेलरसाठी. “हलो, भाभी, हिरामण को बोलो ना साईं, माल रुका पडा है, वो क्या सो रहा है?” कुंदा तो निरोप ‘साईं’सकट जिन्यावरून खाली सोडायची. हिरामण शिलाई न थांबवता म्हणायचा, “झोपलाय म्हणून सांगा.” वरच्या वृंदाची सासू साताऱ्याहून अशा आवाजात बोलायची की गुरुदत्तांच्या मते तिला फोनची गरजच नव्हती.

मग मयतीचे फोन यायला लागले.

पहिले गेले वृंदाचे वडील. कुंदाच्या सासरची पद्धत अशी, की उपाशी माणसाला असली बातमी द्यायची नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही, पुढचा घास कधी पोटात जाईल त्याचा नेम नसतो. म्हणून आधी जेवू द्यायचं. कुंदा वृंदाकडे जाऊन इकडचं तिकडचं बोलत बसली, ताटं घासून होईपर्यंत, आणि मग सांगितलं. पुढे वृंदा सगळ्यांना सांगत सुटली, ताईंनी किती समजुतीनं घेतलं, दुसरं कुणी असतं तर दारातूनच बोंब ठोकली असती. झालं. वाईट बातमी सांगावी तर कुंदाताईंनीच, असं ठरून गेलं. फोन करणारेही तेवढं बजावायला लागले, आधी जेवू दे हं त्यांना.

त्यात कंपनीचे फोन वेगळे. “वैनी, साहेबांना लगेच पाठवा, घाबरू नका,” असं ऑपरेटर म्हणाला की ती घाबरायची. घंटी वाजेल म्हणून रात्री झोप नाही. आंघोळीला बसली तरी न्हाणीचं दार नुसतं लोटलेलं. जेवताना कान फोनकडे, म्हणून जेवण अंगी लागेना. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. जसं काही टेन्शन रेशनच्या दुकानात मिळत होतं आणि ती पिशवी घेऊन रांगेत उभी होती. फोन काढून टाका असं तिने गुरुदत्तांना दोनदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, कंपनीचा आहे, उद्या मी तिथे काय तोंड दाखवू? आणि सगळ्यांच्या घरी आहे का फोन?

शेवटी तिने आपल्यापुरता उपाय काढला. आवाज रडका वाटला की काही विचारायचं नाही. कोण, केव्हा, कशाने, काही नाही. “बरं, सांगते,” म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. जेवढं कमी ऐकलं तेवढं छातीवर कमी. उपाय लागूही पडला. झोप परत आली.

श्रावणातल्या एका सोमवारी दुपार उतरताना बदलापूरहून हरिचंद्राचा फोन आला. हिरामणच्या शेजारच्या वेणूचा हा भाऊ, तिकडच्याच चामटोली गावात शेती करणारा. दवाखान्यातून बोलत होता. “ताय, आयचा काय खरा नाय. वेनूला लगेच पाठवा, ती...”

“बरं, सांगते,” कुंदा म्हणाली आणि ठेवला. आवाज रडका होता, म्हणजे म्हातारी गेलीच, असं तिने धरून टाकलं.

खाली वेणूचा भात रटरटत होता. सकाळपासून कडक उपास, नवरा जनू सेकंड शिफ्टला. “बसा ताई, सोडते आता उपास,” वेणू म्हणाली. कुंदा बसली. कोथिंबीर निवडून दिली. वेणू बोलत होती आईबद्दलच. सगुणाबाई यंदा शेतातलं चिबूड घेऊन स्वतः येणार म्हणते, गुडघे धड नाहीत पण तोंड बघा. मग तिने आईच्या पायांची आणि तोंडाची दोन्हींची नक्कल करून दाखवली. कुंदा हसली. वेणूने दुसऱ्यांदा भात घेतला, तेव्हा कुंदाला बरं वाटलं, पोरीच्या पोटात चार घास गेले म्हणून. आणि सांगायचं आणखी थोडं लांबलं म्हणूनही.

वेणूने हात धुतल्यावर कुंदाने सांगितलं. वेणू तशीच रिक्षात बसली.

सगुणाबाई दिवेलागणीला गेल्या. वेणूची रिक्षा दवाखान्याशी लागली, तेव्हा हरिचंद्र पायरीवर बसला होता. आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, एवढंच तो बोलला.

बारावं-तेरावं आटोपून वेणू परतली आणि वर आली. चहा नको म्हणाली.

“हरीनं फोन केला तेव्हा आई होती. तुम्हाला ठाऊक होतं?”

कुंदाच्या मनात आलं, नाही म्हणावं. ते खोटंही नव्हतं.

“मी विचारलंच नाही,” ती म्हणाली. “मला ऐकायचं नव्हतं गं.”

वेणूने फोनकडे एकदा बघितलं. रडली नाही, भांडली नाही. कुंदाला वाटलं, भांडली असती तर बरं झालं असतं.

“हरीला मी कोपऱ्यावरच्या वाण्याचा नंबर दिलाय,” ती उठत म्हणाली. “त्याचा नोकर रस्त्यातूनच ओरडतो, कुणाचं काय झालं ते. सगळ्या आळीला ऐकू जातं.”

“वेणू, अगं...”

“ओरडलेलं चालेल मला, ताई.”

ती जिना उतरली. कुंदा दारातच उभी राहिली. आत फोन वाजायला लागला तरी तिला लगेच वळता आलं नाही.