डॉक्टरांनी सुनेजवळून मला उठवलं

बायांनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाय, म्हणून लिहितेय.

माझ्या सुनेच्या, मनीषाच्या, जबड्याखाली लिंबाएवढी गाठ आहे. परवा सर्दी झाली अन् ती एकदम फुगली. आज आमच्या छावणी भागातून रिक्षा करून तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टर मॅडमकडं नेलं.

"गाठ कधीपासून आहे?" मॅडमनी विचारलं.

"दोन महिने झाले," मनीषा खाली बघत म्हणाली.

मॅडम गंभीर झाल्या. "एवढ्यात आलेली गाठ असेल तर टीबी बघावा लागेल. कॅन्सर नाही ना, तेही बघावं लागेल."

मनीषानं चोरून माझ्याकडं बघितलं.

मग मॅडम मला म्हणाल्या, "आई, तुम्ही जरा बाहेर बसा."

लई राग आला. सून माझी, अन् मीच बाहेर?

थोड्या वेळानं आत बोलावलं. मॅडमचा चेहरा निवळला होता. "ही जन्मजात गाठ वाटतेय. अशी क्वचितच दिसते. उद्या सुईनं आतलं पाणी काढून तपासू, मगच पक्कं सांगते."

"पण एवढ्या लवकर कसं कळलं?" मी विचारलं.

मनीषाला रडू फुटलं. "लहानपणापासून आहे, आई. सर्दी झाली की फुगायची. लग्नाआधी माहेरी, सोयगावला, मम्मीनं बजावलं होतं, सासरी बोलू नको म्हणून."

कॅन्सरचं नाव ऐकूनही पोरीनं तोंड उघडलं नाही. कारण शेजारी मी बसले होते.

उद्या पुन्हा जायचंय. सांगा बायांनो, मी आत जाऊ, का बाहेरच बसू?