चमकीखालचा ऑस्मंड

चमकी दिसली की मला मळमळतं. पस्तीस वर्षं कार्निव्हलच्या गाण्यांच्या तंबूत स्टेजवर उभ्या राहिलेल्या माणसाने असं म्हणू नये, पण तसंच आहे.

ऑस्मंड आमच्या बेलमाँट वस्तीतला, माझ्या मागच्या गल्लीतला. तारा वाकवणारा. आमच्या बँडचा, म्हणजे सोंगं घेऊन मिरवणाऱ्या आमच्या ताफ्याचा, राजा कार्निव्हलला वीस फुटी पोशाख अंगावर घेऊन नाचत जातो, त्या पोशाखाचा सांगाडा ऑस्मंडच्या बोटांतून निघायचा. टेप त्याने कधी वापरली नाही, वितीने मोजायचा. तार त्याच्या हातात आली की तिला पिसं फुटायची. असा हात मी दुसरा पाहिला नाही, आणि मी पुष्कळ कलावंत जवळून पाहिलेत.

पोशाख बनवायच्या आमच्या शेडमध्ये एक रीत होती. कार्निव्हलआधी तीन आठवडे झोपायचं नाही. कुणाला डुलकी लागली की त्याच्या डोक्यावर पातेलंभर चमकी ओतायची आणि टेबलं बडवत त्याच्यावर गाणं म्हणायचं. ते गाणं माझंच. तंबूतून निवृत्त झाल्यावर बँडचा मालक कार्लाइल मला तिथे बसवायचा, माणसं जागी राहावीत म्हणून. मी किस्से सांगायचो, माणसं हसायची, जागायची. ताटभर गरम पेलाऊ-भात आणि चार लोकांचं हसू, एवढ्यासाठी मी हे केलं. आता शिसारी येते.

तीस वर्षांत ऑस्मंडवर चमकी पडली नव्हती. त्याचा त्याला केवढा अभिमान!

त्या वर्षी मात्र त्याचा डावा डोळा सारखा फडफडायचा. बोटांवरचे काप भरत नव्हते. लेकीला तो बहिणीच्या नावाने हाक मारायचा. मांजरावरही कधी न ओरडलेला माणूस बायकोवर, युनावर, खेकसायला लागला. शेवटी युनाने त्याला दंडाला धरून आरोग्य केंद्रात नेलं. सोबत मी. नर्स रामलोचनने रक्तदाब पाहिला, मग पुन्हा पाहिला.

"अंकल, झोपता किती?"

"दोन तास. लाड झाले तर तीन."

"कधीपासून?"

"दर सीझनला असंच, पोरी. तीस वर्षं झाली."

"हसू नका. शरीराची डागडुजी झोपेत होते आणि तुम्ही त्या कारागिराला दारातूनच परत पाठवताय. गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. मेंदूतली नस गेली तर तार कशाने वाकवणार? दातांनी?"

शेडमध्ये ही गोष्ट कळली तेव्हा कार्लाइलने हात झटकले. "राजाच्या पोशाखाचं डोकं शुक्रवारपर्यंत पाहिजे. मग कार्निव्हल संपला की बुधवारी खुशाल झोप!"

आणि मी? मी म्हणालो, "ऑस्मंड झोपला तर तारा संपावर जातील." सगळे हसले. ऑस्मंडही हसला आणि त्याने पक्कड उचलली.

शुक्रवारी दुपारी कधीतरी ती पक्कड त्याच्या हातातून गळली. मान टेबलावर, तोंड एका बाजूला लोंबलेलं, लाळ हनुवटीवर.

"पडला रे पडला! म्हातारा गेला कामातून!"

अख्खी शेड नाचायला लागली. सोनेरी चमकी कार्लाइलने स्वतःच्या हाताने ओतली. मी गाणं सुरू केलं. एक कडवं, दुसरं, तिसरं. ऑस्मंडने एक डोळा उघडला, युनाला हाक मारायला गेला, आणि तोंडातून नुसतं "ऊऊ" आलं. मी त्याची नक्कल केली. हुबेहूब केली. लोक हसून लोळले.

मग दिसलं, की डोळ्यातली चमकी पुसायला त्याचा एकच हात वर येतोय.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंना त्याचा चेहरा दिसण्यासाठी आधी चमकी पुसावी लागली. "तोंड वाकडं कधी झालं? नक्की वेळ सांगा, औषध त्यावर ठरतं."

वेळ कुणालाच माहीत नव्हती. "आम्हाला वाटलं, झोपला," मी म्हणालो.

"आणि हे काय आहे?" त्यांचे हातमोजे सोनेरी झाले होते.

"आमची गंमत."

त्यांनी ते हातमोजे काढून टाकले आणि नवे चढवले.

राजांच्या स्पर्धेत आमचा राजा पहिला आला. कार्लाइल माइकवर ओरडला, "हा ऑस्मंडचा हात! सतरा दिवस डोळ्याला डोळा लागला नाही!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांवर मी आयुष्य काढलं. त्या दिवशी मी कानांवर हात ठेवून गर्दीतून बाहेर पडलो.

ईस्टरनंतर कार्लाइल गोड पाव घेऊन ऑस्मंडकडे आला. ऑस्मंड खिडकीशी आरामखुर्चीत, उजवा हात मांडीवर परक्याचा असल्यासारखा.

"तू काम करू नकोस. नुसता येऊन बस. तुला बघून बाकीचे जागे राहतील."

ऑस्मंडचे डोळे लकाकले. स्वयंपाकघराच्या दारात युना डाव हातात घेऊन थिजली. तो हो म्हणाला असता तर पुढच्या सीझनच्या जागरणातून वाचला नसता, हे युनाला, मला आणि कार्लाइललाही ठाऊक होतं. कार्लाइलने मला डोळा मारला. "बोला की उस्ताद, सोडा एखादा किस्सा!"

किस्सा जिभेवर होता. माझ्या जिभेवर तो असतोच. मी गिळला.

"ऑस्मंड," मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुझी नक्कल केली. आता माझ्याकडे बघून ठरवू नकोस, तुझ्या जिवाकडे बघ."

ऑस्मंडने उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला. मग एकेक शब्द ओढत म्हणाला, "मला... झोप... येतेय."

तीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. कार्लाइल हसला, मग थोडा थांबला, मग टोपी घेऊन निघून गेला. मी खिडकीचा पडदा ओढला.

ऑस्मंड घोरायला लागला. त्याच्या कानामागे सोनेरी चमकीचा एक कण अजून चिकटलेला होता. युना तो नखाने काढायला वाकली, आणि थांबली. उठेल म्हणून.