परकराची नाडी

कारेलीबागेत बायकांच्या जिममध्ये दीड महिना मी वजनं उचलली. भात कमी केला, मूग आणि दही वाढवलं. तरी काटा जागचा हलला नाही. तिथे जायला मला आवडू लागलं होतं. आता शिकवणाऱ्या गुजराती बाई "येऊ नका" म्हणतील, या भीतीने मी मान खाली घालून उभी राहिले.

त्यांनी विचारलं, "बेन, कपडे ढिले पडले का?"

मी हळूच म्हटलं, "परकराची नाडी चार बोटं जास्त उरते."

त्या हसल्या. "मग काट्याला कशाला विचारता? चरबी उतरली, ताकद वाढली. उद्यापासून पाच किलोचं डंबेल घ्या."

माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी रिक्षा न करता मी रावपुऱ्याला घरी चालतच आले.