तिसरा ग्लास

देवबागला आमच्या वाळूच्या अंगणात मी पाहुण्यांसाठी वाइन चाखण्याची संध्याकाळ ठेवली होती. एकाच पांढऱ्या द्राक्षाच्या तीन तऱ्हा: एक कोरडी, एक लाकडी पिंपात मुरलेली, एक गोड. नको असलेली ओतायला मधोमध बादली.

पाहुण्यांना खाडीतून फिरवून आणणारा म्हातारा होडीवाला पायरीवर टेकला होता. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. त्यालाही तीन ग्लास दिले.

त्याने आधी बोट बुडवून जागा राखणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या नावाने एक थेंब वाळूत उडवला. दोन ग्लास सावकाश संपवले, तिसऱ्याचा घोट घेतला नि हसला. "एकाच आवशीचे तीन झील गो हे!"

"एकाच आईचे तीन मुलगे म्हणतायत," मी पाहुण्यांना सांगितलं. सगळे हसले.

तेवढ्यात त्याने तो गोड वाइनचा ग्लास वाळूत रिता केला.

"काका, आवडली नाही तर बादलीत ओता ना," मी जरा चिडूनच म्हटलं.

"आवडली म्हणानच ओतलंय, बाय. माझ्या धाकट्याक गोड आवडायचा. तो दर्यात गेलो, तो परत गावलोच नाय."

पाहुणे कागदावर गुण लिहीत होते. तो वाकला आणि ती ओली वाळू हलक्या हाताने थोपटत राहिला.