रंगीत चौकटीतलं वाक्य

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. शैलाजवळ तर नाहीच — आणि आता ती नाही. ती गेल्यापासून रोज लिहायला बसतो, दोन ओळी होतात, उठतो. आज उठायचं नाही असं ठरवलंय.

आधी माझं काम सांगायला हवं. नाशिकच्या एका लहानशा संशोधन संस्थेत मी धोरण-टिपणं लिहायचो. कुणीतरी गावोगाव फिरून अभ्यास करतं, त्याचा जाडजूड अहवाल होतो, तो कोणी अधिकारी वाचत नाही. म्हणून त्याचं एका कागदावर, पाठपोट, टिपण करायचं. वर रंगीत चौकट — तिच्यात मुख्य निष्कर्ष आणि एक मागणी. खाली एखादा फोटो. बैठकीत चहा येईपर्यंत वाचून झालं पाहिजे. आणि मागणी अशी, की ती पुरी करणं वाचणाऱ्याच्या हातात असेल. नव्या मुलांना मी हे शिकवायचोही. चांगलं शिकवतो, असं म्हणायचे.

अभ्यास शैलाचा होता. ती माझी बायको, आणि त्याच संस्थेत संशोधक. पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर ती महिनोन् महिने राहिली. दिवस भरत आलेल्या बायकांसाठी आरोग्य केंद्रात राहायची खोली होती. तरी त्या तिथे का जात नाहीत, एवढाच प्रश्न. उत्तरही तेवढंच सरळ. तिथे त्यांचा अपमान व्हायचा. कपड्यांवरून, बोलण्यावरून. कळा देताना एखादी ओरडली तर तिथली माणसं हसायची. एकीने शैलाला सांगितलं होतं, "घरी मेलं तं मेलं, पन घरी कोनी हसत नाय." शैलाने मला ते म्हणून दाखवलं. म्हणाली, "हेच चौकटीत घाल. दुसरं काही नको."

मी घातलं नाही.

का? तेव्हा मी स्वतःला समजावलं — 'वागणूक सुधारा' ही मागणी फार ढोबळ आहे, टिपणाच्या शिस्तीत बसत नाही, अधिकारी ती घेऊन करणार काय? नियम माझाच होता, आणि त्याच्याआड लपायला सोपं होतं. खरं कारण — टिपण बैठकीत मांडायचं होतं मला. समोर तिथले डॉक्टर, नर्स, त्यांचे वरिष्ठ. त्यांच्या तोंडावर हे वाक्य वाचायची मला भीती वाटली. एवढंच. कुणी दटावलं नव्हतं. कुणी सुचवलंही नव्हतं.

चौकटीत मी लिहिलं, 'गरोदर महिलांमध्ये सुविधेबाबत माहितीचा अभाव. पाड्यांवर जनजागृती आवश्यक.' अपमानाचं गेलं मागच्या बाजूला, तळाशी, बारीक अक्षरात — 'सेवेबाबत काही तक्रारी आढळल्या.' शैलाने त्या खोलीचा, कडी नसलेल्या दाराचा फोटो काढला होता. तो काढून मी एका बाईचा लावला. खाली मान घातलेली. कॅमेऱ्याला लाजली होती बिचारी. त्या चौकटीखाली ती अडाणी दिसायला लागली. ती तशी दिसेल, हे मला कळत नव्हतं का? तेच तर माझं काम होतं.

संस्थेचे प्रमुख — आम्ही त्यांना सर म्हणायचो — सही करताना थांबले. "शैलाला दाखवलंस ना?"

"हो," मी म्हणालो.

बैठक छान झाली. मागणी लगेच मान्य झाली. अशा मागण्या होतातच. पाड्यांवर भोंगा लावलेली गाडी फिरू लागली. शैला पुढच्या खेपेला गेली तेव्हा ओट्यावर बसलेल्या बायका उठून आत गेल्या. एक तेवढी थांबली. म्हणाली, "ताई, आमी तुला मनातलं सांगलं. अन् तू जाऊन सांगून आली, आमाला कळत नाय म्हनून."

त्या दिवशी शैला चप्पल न काढताच स्वयंपाकघरात आली. हातात टिपण. "हे कुणी लिहिलं?"

आणि मी म्हणालो, "सरांनी बदललं. छपाईला जाता जाता. मलाही बैठकीत हातात आल्यावरच कळलं."

ती तशीच सरांकडे निघाली. मी दार अडवलं. "त्यांना विचारू नकोस. माझी नोकरी जाईल." ती माझ्याकडे बघत राहिली. वाटलं, हिला कळलं. पण तसं नव्हतं. "तुझ्यासाठी गप्प बसते," ती म्हणाली, आणि खरंच बसली. थोड्या दिवसांनी राजीनामा दिला, कारण लिहिलं नाही. पेठला पुन्हा गेली नाही. सर द्वारका चौकात समोरून येताना दिसले तर भर गर्दीत रस्ता ओलांडून पलीकडे जायची. मी शेजारी असायचो. तिच्यासोबत मीही ओलांडायचो.

कितीदा तरी सांगता आलं असतं. तिच्या आजारपणात तर आम्ही दोघंच असायचो दिवसभर. ती म्हणायची, "वाच काहीतरी." मी वाचायचो.

ती गेल्यावर, तिचे दिवस चालू असताना सर भेटायला आले. थकलेत आता. भिंतीला धरून बसले, पाणी घेतलं. तिच्या फोटोला हात जोडले. मग म्हणाले, "माझं काय चुकलं होतं रे? किती वर्षं विचार करतोय. तिला विचारायचा धीर झाला नाही. तुला काही बोलली होती का?"

आता कसली बैठक नव्हती. नोकरी नव्हती. घाबरावं असं कुणी उरलं नव्हतं.

"नाही, सर," मी म्हणालो. "तिचा स्वभावच तसा होता."